वजनकाट्यावरचं कोहळं

फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात होते आणि फोन स्टाफरूममधल्या पर्समध्ये वाजत होता. त्यामुळे बातमी माझ्यापर्यंत शाळेच्या शिपाईदादांच्या तोंडून आली, तीही अर्धवट. "मॅडम, अंगणवाडीतून फोन हाय. लवकर बोला म्हंते." मी घाबरले नाही. सासूबाईंच्या अंगणवाडीतून तासाच्या मध्येच फोन येणं मला नवीन नव्हतं. मागे एकदा असाच आला होता तो रताळ्याला कोंब फुटले ते ताबडतोब येऊन पाहा म्हणून. आता काय काढलं आईंनी, असं म्हणतच मी फोन उचलला. पलीकडे त्यांची मदतनीस कविता होती. ती म्हणाली, "ताई, पोरं जेवून घरी गेली. बाई भिंतीले टेकून बसल्या. मले वाटलं डोळा लागला. आता उठवून राह्यली, तं उठून नाई राह्यल्या..."

आई गेल्या त्याला सात आठवडे झाले. मुलचेऱ्याजवळच्या आमच्या गावात विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला तेव्हा बसायला जागा पुरली नाही. बोलायला उठलेला प्रत्येक जण आधी डोळे पुसायचा, मग सासूबाईंची, म्हणजे पंचफुलाबाईंची, एखादी गोष्ट सांगायचा, मग स्वतःच हसायचा आणि मग आमच्याकडे बघून ओशाळायचा. असं सात-आठ वेळा झाल्यावर भंतेजींनाही हसू आवरेना. सगळ्यांत जास्त वेळा सांगितली गेली ती कोहळ्याची गोष्ट. पुण्या-मुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात ते आमचं कोहळं. गावात ही गोष्ट आता फार वाढली आहे. कोहळ्याला टोपरं घातलं होतं, असंही लोक सांगतात. टोपरं नव्हतं. मी त्या प्रकरणात पहिल्यापासून होते, म्हणून जे झालं ते लिहून ठेवते आहे.

लग्न होऊन मी चंद्रपूरहून या घरात आले तेव्हा बीएस्सी, बीएड होते आणि तालुक्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला नुकतीच लागले होते. माझ्या सासूबाई तेव्हा त्रेचाळीस वर्षांच्या. अठरा वर्षं गावच्या अंगणवाडीत मदतनीस होत्या, म्हणजे पोरांना घरून आणायचं, त्यांची नाकं पुसायची आणि खिचडी शिजवायची. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मी भाजी निवडत बसले होते, तर त्या समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तू सायन्सची ना. मंग मले एक सांग. झाड काय खाते?"

मी नवी नवरी. परीक्षा चालू आहे एवढं कळलं, म्हणून पाठ होतं ते घडाघडा म्हटलं. वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानं, हरितद्रव्याच्या उपस्थितीत, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून आपलं अन्न पानांत तयार करतात. त्या शांतपणे ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "हे तं मलेही पाठ हाय. सत्तावीस वर्षं झाले. तुनं पायलं काय?"

"काय पाहिलं?"

"झाड सैपाक करून राह्यलं, असं."

खरं सांगायचं तर पाहिलं नव्हतं. आमच्या कॉलेजात तो प्रयोग जर्नलमध्ये झाला होता. आकृती काढली, सही घेतली, संपलं.

त्या प्रश्नामागची हकिगत मला नंतर प्रमोदनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं सांगितली. आई सोळाव्या वर्षी दहावीला बसल्या होत्या आणि विज्ञानात चार मार्कांनी गेल्या. वनस्पती अन्न कसे तयार करतात हा प्रश्नही चार मार्कांचाच होता. त्याच प्रश्नानं आपला घात केला अशी त्यांची पक्की खात्री होती. त्यांनी पेपरात लिहिलं होतं, "झाड मुळांनी माती खाते. शेणखत टाकले तर जास्त खाते व धान चांगले होते." मास्तरांनी सांगितलं, हे साफ चूक आहे. आईंना ते पटलं नाही. शेतात वाढलेल्या मुलीला ते पटणारही नव्हतं. त्याच उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं आणि वाद अर्धवट राहिला.

आता तो वाद उकरून काढायला कारणही होतं. अंगणवाडीच्या सेविका पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. दहावी झालेली मदतनीस असेल तर तिला ती जागा मिळू शकत होती, नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी नेमणार. आणि मग ती नवीन मुलगी आईंना सांगणार, की खिचडी कधी उतरवायची. हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, सगळे विषय पुन्हा घेतले, आणि मला म्हणाल्या, "बाकीचं मी घोकतो. पन झाडाचं नाई घोकत. ते मले दाखव."

दाखवायचं म्हणजे काय करायचं, ते मला रात्रंदिवस पुस्तकं चाळूनही सुचेना. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. "झाड माती खाते, तं माती कमी व्हाले पायजे. तोलून पाहू." साधी गोष्ट होती. तेलाचे दोन रिकामे डबे आणले. बांधावरची माती ताडपत्रीवर तीन दिवस वाळवली, कारण ओल्या मातीचं वजन धरता येणार नाही एवढं मात्र मी सांगितलं. शेजारच्या पार्बताबाई कुंपणावरून डोकावल्या.

"काय वाळू घातलं वो?"

"माती."

"काऊन?"

"पेपरात येते," आई म्हणाल्या.

एका डब्यात नुसती माती, तो माझा. दुसऱ्यात माती आणि शेणखत, तो त्यांचा. बाजूच्या बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातल्या एका बाईकडून आठवडी बाजारात कोहळ्याचं चांगलं बी आणलं. बी लावण्याआधी दोन्ही डबे तोलले. घरात तेवढा मोठा काटा नव्हता, म्हणून ते अंगणवाडीत नेले, बाळांची वजनं करायचा झोळीचा काटा असतो ना छताला टांगलेला, त्यावर. आणि नोंद कुठं ठेवायची? आईंना वजनाची नोंद ठेवायची एकच रीत माहीत होती. त्यांनी वजनाच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहिलं: नाव, डब्बा नंबर एक. आईचे नाव, पंचफुला. वय, शून्य.

पावसाळाभर दोन्ही वेल कौलांवर चढले. माझ्या वेलाला एकच फळ धरलं. त्यांच्याला दोन धरली आणि त्यांचं मोठं फळ माझ्यापेक्षा दीडपट होतं. "पाय," त्या रोज सकाळी म्हणायच्या, बाकी काही नाही. दिवाळी उलटल्यावर फळं काढली, वेल उपटले, मुळं झटकून माती डब्यात परत घेतली, पुन्हा वाळवली. मुलं घरी गेल्यावर आम्ही दोघी अंगणवाडीत गेलो. माझा डबा आधी चढवला. माती जवळजवळ होती तेवढीच. आईंनी काटा हलवून पाहिला, डबा उतरवून पुन्हा चढवला, आणि मग माझं कोहळं झोळीत ठेवून रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहिलं: वय, चार महिने. वजन, दीड किलो.

नेमक्या त्याच वेळी तालुक्याच्या सुपरवायझर मॅडम तपासणीला आल्या. दारात उभ्या, बाहेर ऊन आणि आत अंधार. त्यांना दिसली ती फक्त हलणारी झोळी आणि तिच्यातून वर आलेलं एक गोल, टकलं डोकं.

"वा," त्या म्हणाल्या. "कपडे काढून वजन करता, हे चांगलं आहे. कोणाचं बाळ? अजिबात रडत नाही."

"शांतच हाय, मॅडम," आई म्हणाल्या. "कोहळं हाय."

मॅडम पुढे आल्या. त्यांनी कोहळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीत बसून रजिस्टर मागितलं. पानं उलटत त्या शेवटच्या पानावर गेल्या आणि त्यांचा चेहरा बदलला. "चार महिन्यांचं मूल आणि वजन दीड किलो? हे तर तीव्र कमी वजनाचं आहे. हे तालुक्याला कळवलं का नाही?" आई म्हणाल्या, "मॅडम, तेच हे. शेणखत नाई दिलं, म्हणून लहान राह्यलं." मला त्या क्षणी जमिनीत शिरावंसं वाटत होतं. अठरा वर्षांची नोकरी एका कोहळ्यापायी जाते की काय, असा विचार मनात आला, आणि तीही माझ्यामुळेच, मीच माती वाळवायला सांगितली म्हणून.

मॅडमनी लेखी खुलासा मागितला. तो लिहून द्यायला मी आईंना मदत करू लागले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. त्याची एक प्रत आमच्या घरी आहे. "मी मदतनीस पंचफुला लिहून देते की, वजनकाट्यावर टांगलेले कोहळे हे माझ्या घरचे असून ते लाभार्थी नाही. झाडाचे वजन मातीतून येते की कुठून येते हे पाहण्यासाठी टांगले. काटा व झोळी नंतर धुऊन ठेवली. वजन मातीतून येत नाही असे दिसले. कुठून येते ते अजून समजले नाही, समजल्यावर कळवीन. तरी माफी असावी." 

समजायला त्यांना आणखी आठ दिवस लागले. कोहळ्यात सगळं पाणीच असेल, अशी त्यांना शंका आली, म्हणून त्यांनी माझं कोहळं चिरून फोडी उन्हात वाळवल्या. पाणी उडून गेल्यावर उरलेल्या चामट फोडी किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून आणल्या. वजन फार नव्हतं, पण होतं. त्या फोडी मांडीवर घेऊन त्या ओसरीवर बसल्या.

"माती तं तेवढीच हाय," त्या म्हणाल्या. "पाणी उडून गेलं. मंग हे आलं कुठून?"

"हवेतून," मी म्हटलं. "हवेतला वायू आणि मुळांनी ओढलेलं पाणी. पानात साखर होते, साखरेपासून पीठ, आणि कोहळंही त्यातूनच."

"अन् माझं शेणखत? माझं तं दीडपट भरलं."

"तेही लागतं. पण थोडं. आपण खिचडीत मीठ-मिरची घालतो तसं."

त्यांनी विचार केला. "म्हंजे मिठाबिगर खिचडी जमत नाई, पन नुसत्या मिठाची खिचडी होत नाई."

"हो."

"मंग त्या मास्तरानं दोन मार्क तरी द्याले पायजे होते."



पण हवा म्हटल्यावर त्यांना ऊनही पाहायचं होतं. "तू म्हंते उन्हावर शिजते. दाखव." आता मात्र मी कबूल केलं, की तो प्रयोग मीही कधी केलेला नाही. त्या हसल्या नाहीत. "मंग दोघी पाहू," म्हणाल्या. पहिल्या खेपेला त्यांनी सागाचं कोवळं पान आणलं, कारण आलापल्लीकडची माणसं पान म्हटलं की आधी सागाचंच आणतात. ते उकळलं तर सागाचा रंग उतरून पातेल्यातलं पाणी लालभडक झालं, आणि प्रमोद स्वयंपाकघरात येऊन कोणाला लागलं म्हणून विचारू लागला. दुसऱ्या खेपेला कुंडीतलं वालाचं रोप घेतलं. दोन दिवस ते धानाच्या कोठीत अंधारात ठेवलं, म्हणजे पानातलं आधीचं पीठ संपावं. मग माझ्या कपाळावरच्या मोठ्या काळ्या टिकल्या होत्या, त्यांतल्या दोन एका पानाला खालून-वरून समोरासमोर चिकटवल्या आणि कुंडी दिवसभर उन्हात. संध्याकाळी टिकल्या काढल्या, पान पाण्यात उकळलं, मग गॅस बंद करून गरम पाण्यात वाटी ठेवली आणि वाटीतल्या स्पिरिटमध्ये ते बुडवलं. हिरवा रंग वाटीत उतरला आणि पान पांढुरकं पडलं. ते बशीत पसरून त्यावर आरोग्य उपकेंद्रातून आणलेलं, पीठ असेल तिथं काळं पडणारं टिंक्चर आयोडीन टाकलं.

पान काळंनिळं होत गेलं. हळूहळू, कडेपासून आत... आणि मधोमध टिकलीएवढा गोल तसाच राहिला, पिवळट, कोरा.

"इथी ऊन नाई पडलं," आई हलक्या आवाजात म्हणाल्या. "इथी सैपाकच झाला नाई."

माझ्याकडे विज्ञानाची पदवी होती, मी रोज हा धडा शिकवत होते आणि ते पान मी पहिल्यांदा पाहत होते. माझे डोळे भरून आले. आईंना वाटलं स्पिरिटमुळे, म्हणून त्यांनी खिडकी उघडली.

त्यानंतर टिंक्चरची बाटली त्यांच्या बटव्यात कायमची गेली. त्यांनी भात तपासला, पोळी तपासली, बटाटा तपासला, पार्बताबाईंची चेहऱ्याला लावायची पावडर तपासली. इथपर्यंत ठीक होतं. पण राजुऱ्याला त्यांच्या भाचीचा साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. मुलाकडच्यांनी खव्याचे पेढे आणले होते. आईंनी ताटलीतला एक पेढा घेतला, पदराआड बटवा उघडला आणि थेंब टाकला. पेढा शाईसारखा झाला. त्यांनी तो कोणाला न दाखवता खाली ठेवला असता तर निभावलं असतं. पण शेजारी बसलेल्या मुलाच्या वडिलांनी तो पाहिला आणि विचारलं, "हे काय झालं?" आई खोटं बोलत नसत. "खव्यात पीठ हाय, भाऊ," म्हणाल्या. भाचीची आई मला खुणा करत होती, की तुमच्या सासूला बाहेर न्या. मुलाचे वडील उठले, दुसऱ्या ताटलीतला पेढा घेऊन आले आणि आईंपुढे धरून म्हणाले, "यावर टाका." तोही काळा. तिसराही काळा. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, मिठाईवाल्याला जे सुनवायचं ते सुनवलं आणि परत येऊन आईंना विचारलं, "बाई, ही शिशी कुठी मिळते?" लग्न थाटात झालं. त्या घरात त्यानंतर कधीही पंचफुलाबाईंना विचारल्याशिवाय खवा आणला जात नसे.

मार्चमध्ये परीक्षा झाली. केंद्रावर पर्यवेक्षक म्हणाले, "पालकांनी बाहेर थांबावं." वर्गातल्या पाच-सहा पोरी एकदम म्हणाल्या, "सर, ह्या पालक नाई, ह्या पंचफुलाबाई." त्या सगळ्या आईंच्याच हातची खिचडी खाऊन मोठ्या झाल्या होत्या. विज्ञानाचा पेपर देऊन त्या बाहेर आल्या तेव्हा मी फाटकाशी उभी होते. म्हणाल्या, "झाडाचं आलं होतं. सगळं बरोबर लिवलं." चार पावलं गेल्यावर म्हणाल्या, "शेवटी शेणखताचंही लिवलं."

"काऊन लिवलं, आई?" घाबरून माझ्याही तोंडून त्यांचीच भाषा निघाली.

"खरं हाय म्हणून."

विज्ञानात त्या चांगल्या मार्कांनी पास झाल्या. नापास झाल्या इंग्रजीत. इकडे सेविका निवृत्त झाल्या आणि जागा रिकामी. आता दुसऱ्या कुणाला नेमणार, असं आम्ही धरून चाललो. पुढची परीक्षा ऑक्टोबरात होती. मध्ये एकदा सुपरवायझर मॅडम आल्या, तपासणी केली, जाताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "त्या खुलाशात तुम्ही कळवीन म्हणून लिहिलं होतं. वजन कुठून येतं, ते कळवलं नाही." आईंनी त्यांना तिथंच खुर्चीवर बसवलं आणि अर्धा तास सगळं सांगितलं, वाळवलेल्या फोडींसकट. मॅडम ऐकून घेऊन गेल्या. त्यांनी कुठं काय सांगितलं मला माहीत नाही, पण जागा तशीच राहिली. ऑक्टोबरात आई इंग्रजीत बरोबर काठावर पास झाल्या आणि नव्या वर्षात सेविका झाल्या.

पुढची बारा वर्षं त्यांनी ती अंगणवाडी चालवली. त्या गेल्यानंतर नवीन नेमणूक होईपर्यंत कविता एकटीच सांभाळते आहे. मागच्या आठवड्यात आईंकडे राहिलेली रजिस्टरं आणि किल्ली द्यायला मी तिथं गेले. जेवणाची वेळ होती. पंधरा-सोळा पोरं दोन रांगांत बसलेली, प्रत्येकापुढे ताटली, ताटलीत गरम खिचडी, आणि सगळ्यांचे हात मांडीवर. कुणीच खात नव्हतं. कविता दाराशी आली. तिचे डोळे सुजलेले होते. "रोज असंच करते, ताई," ती म्हणाली. "बाई जेवणाच्या आधी एक गोष्ट इचारत. मी इचारली तं माझ्या तोंडून निघत नाई, रडूच येते. मंग खिचडी थंडी होते. तुम्ही इचारा."

मला ती गोष्ट ठाऊक नव्हती. आई रोज पोरांना काही विचारतात, हे त्यांनी मला कधी सांगितलंच नव्हतं. मी आपली रांगेपुढे उभी राहिले आणि अंदाजानं विचारलं, "मुलांनो, आपल्याला अन्न कोणापासून मिळतं?"

पोरं माझ्याकडे बघत राहिली. पहिल्या रांगेतली एक मुलगी, चारेक वर्षांची, दोन शेंड्या, तिनं मान हलवली. "असं नाई," ती म्हणाली. "बाई असं नाई इचारत."

"मग कसं विचारतात?"

तिनं घसा साफ केला, आईंसारखाच. "आज जेवन कोनाच्या घरचं?"

"झाडाच्या घरचं," सगळी पोरं एका सुरात म्हणाली, आणि खाली माना घालून खायला लागली.

मी रजिस्टरं टेबलावर ठेवली आणि रांगेच्या टोकाला बसले. कवितानं मलाही एक ताटली दिली.